दुहेरी लाभ

“इंग्लिश मीडियमनी शे ना ती? मंग तिलेच बोलू द्या,” ऑफिसातले शिपाई नाना आत कुणाला तरी सांगत होते. मी खिडकीबाहेरच उभी होते. विद्यापीठाच्या पाहुण्यांसमोर आभाराचं भाषण करायला मुलगी सापडली होती, म्हणजे मी.

मी मात्र वसतिगृहाच्या फीचं विचारायला आले होते. यंदा विद्यापीठाने गरजू विद्यार्थ्यांसाठी कॉलेजला जादा निधी पाठवला. त्यातून मलाही एकरकमी मदत मिळाली. मी लगेच चोपड्याला घरी फोन करून सांगितलंसुद्धा. आठवड्याने कळलं की एकाच वेळी दोन लाभ चालत नाहीत, म्हणून कॉलेजच्या संस्थेकडून मिळणारी वसतिगृहाची सवलत बंद. सवलत वर्षभराची होती आणि मदतीपेक्षा बरीच मोठी. थोडक्यात, जास्त पैसे आल्यामुळे मला कमी मिळाले.

“मग ही मदत नको मला,” मी क्लार्क भाऊंना म्हणाले.

“ताई, लोकं मिळावी म्हणून भांडतात इथं. नको म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या.” ते हसले. “आणि तुम्हाला काय कमी? इंग्लिश शाळेतल्या तुम्ही.”

त्या शाळेची फी बाबांच्या दुकानातून जायची. दुकान बंद झालं, इंग्रजी तेवढं राहिलं. हे खिडकीतून सांगण्यासारखं नव्हतं. वसतिगृह सुटलं तर चोपड्याहून एसटीने येऊन सकाळचं प्रॅक्टिकल गाठणं अशक्य होतं, तेही मी सांगितलं नाही. मान हलवली आणि निघाले.

आभाराच्या कार्यक्रमाला कमान उभारली होती, पाहुण्यांसाठी शाल होती, केळीचा अख्खा घड होता. आमच्या सवलतींचे पैसे त्यात गेले असं मी म्हणत नाही. दोन्ही एकाच आठवड्यात झालं, एवढंच.

इंग्रजीच्या मॅडमनी लिहून दिलेलं भाषण मी न अडखळता वाचलं. ‘माझी चिंता कायमची मिटली’ या वाक्याला टाळ्या पडल्या. मी वळले, तेवढ्यात विद्यापीठाचे पाहुणे कौतुकाने म्हणाले, “बेटा, आता तुझ्या शब्दांत सांग. या मदतीने काय फरक पडला?”

मॅडम मला खुणेने हसायला सांगत होत्या. माईक अजून चालू होता.

“सर, तुमची मदत मिळाली म्हणून मला हॉस्टेल सोडावं लागतंय,” मी म्हणाले. “ती परत घेता येईल का?”