हळदीची काच

जे गाणे मला हवे होते ते माझ्या वहिनीला मिळाले, एवढीच ही हकीकत आहे. त्या काळी मात्र मी ती इतक्या थोडक्यात सांगत नसे. परवानगी देणाऱ्या बाईला माझा प्रश्न नीट समजला नाही, असे मी म्हणे. वहिनी तिथे केवळ सोबतीला आली होती, असेही म्हणे. दोन्ही विधाने खोटी नव्हती. पण त्यांच्या आड मी जे ठेवले होते ते मत्सराखेरीज दुसरे काही नव्हते.

माझे मामा कल्याणला राहत आणि जादूच्या कंदिलाचे खेळ करीत. काचेवर रंगवलेले चित्र भिंगामागे सरकवायचे, त्याच्यामागे घासलेटचा मोठा दिवा पेटवायचा, की समोर पडदा म्हणून ताणलेल्या ओल्या धोतरावर तेच चित्र पुरुषभर उंचीचे होऊन उभे राही. वडील सुधारक मताचे असल्यामुळे माझे लग्न लांबले होते आणि मुंबईच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान व रसायन यांचा दोन वर्षांचा अभ्यास झाला होता. सुट्टीत मी ठाण्याला भावाच्या घरी असे आणि मामांच्या काचा रंगवून देई. कोणता रंग उष्णतेने उकलतो, भिंग किती अंतरावर ठेवले असता चित्राच्या कडा स्वच्छ दिसतात, हे मामांना माझ्यामुळे कळले होते. मामा ते चारचौघांत कधी बोलत नसत.

मला एक खेळ स्वतःचा करायचा होता: ग्रहणाचा. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या फिरत्या काचा करून, स्वतः कंदिलाजवळ उभी राहून, स्वतःच्या तोंडाने तो समजावून सांगायचा. मामा हसले नाहीत, पण फुकट कबूलही झाले नाहीत.

"पुराणातल्या काचांना कल्याणच्या बायका विटल्या आहेत," ते म्हणाले. "तू मला खाडीकाठच्या लग्नाचा खेळ रंगवून दे. बायकांच्या दुपारच्या खेळाला तो लावू. त्यांना आवडला, तर पुढचा खेळ तुझा. ग्रहण काय, नक्षत्रं काय, काय हवं ते दाखव."

"आणि नाही आवडला तर?"

"तर मग पोरी, चंद्र आकाशातच बरा आहे."

भाऊ मिठाच्या खात्यात कारकून होता. त्या ओळखीने आम्ही त्याच हिवाळ्यात कोलशेतला एका आगरी घरचे लग्न पाहिले होते. तिथे लग्न लावणारी एक म्हातारी होती. तिला धवलारीण म्हणतात. ती गात असते आणि तिच्या गाण्याच्या चालीने विधी पुढे सरकतो. हळदीचे गाणे चालू असेपर्यंत हळद लागते; गाणे थांबले की हात थांबतात. ते हळदीचे गाणे माझ्या डोक्यातून गेले नव्हते. लग्नाच्या बारा काचांपैकी हळदीच्या काचेला तेच हवे, असे मी ठरवले.

एका बाईमाणसाने कोलशेतपर्यंत एकटे जाणे शक्य नव्हते, म्हणून वहिनीला बरोबर घेतले. वहिनी माझ्याहून एका वर्षाने मोठी. तिला अक्षरओळख भावाने लग्नानंतर करून दिली होती, आणि ती वाचताना अजून ओळीखाली बोट धरी. बैलगाडीत मी परवानगीचा मजकूर पुन्हा वाचून पाहिला. सहा कलमे होती. गाणे कोणत्या खेळात म्हटले जाईल, किती वेळा, कोणत्या गावी, सगळे स्पष्ट लिहिले होते.

म्हातारी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी हेतू सांगितला.

"आजीबाई, तुमचं हळदीचं गाणं आम्हांला खेळात वापरायचं आहे. त्याला तुमची परवानगी हवी."

"वापराचा?" तिने मान वर केली. "गाना वापराला तो कोयता हाय का?"

मी कंदील समजावून सांगितला. तो तिला लगेच समजला. तिने प्रश्नही नेमके विचारले. दिवा किती मोठा, चित्रातली नवरी हलते का, बघणाऱ्या बायका कोणाकडच्या. मग मी कागद पुढे केला आणि अंगठा कुठे उठवायचा ते दाखवले.

"कागदावं अंगठा मिठाच्या सरकारला देतात, बाय. गान्याला नाय."

"मग मी ते लिहून तरी घेते. तुम्ही सावकाश सांगा."

"लिवून नेलास, मंग मागं कोन म्हनंल?"

हा प्रश्न मला कळला नाही, म्हणून तिने तो करून दाखवला. धवलारीण एक ओळ म्हणते आणि तिच्या मागे बसलेली बाई तीच ओळ पुन्हा म्हणते. गाणे अशा दोन तोंडांत राहते आणि एकीकडून दुसरीकडे जाते. तिची मागे म्हणणारी बाई गेल्या पावसाळ्यात वारली होती. म्हातारीने एक ओळ म्हटली आणि माझ्याकडे पाहिले. मी ती ओळ म्हटली. एकही अक्षर चुकले नाही.

"तू पाढं म्हनतंस, बाय," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, त्यामुळे ते अधिक लागले.

तिने दुसरी ओळ म्हटली. मी तोंड उघडण्याआधीच ती ओळ माझ्या डावीकडून परत आली. वहिनी तिथे सुपाजवळ बसली होती आणि कोणी न सांगता खडे वेचू लागली होती. तिचा हात तांदळात तसाच होता. स्वर तोच, ओळीच्या शेवटचा तो तुटका हेलकावा तोच. मी कॉलेजात कंप पावणाऱ्या तारांची लांबी मोजून स्वर काढले होते. तो हेलकावा मला कोणत्याही तारेवर मोजून सांगता आला नसता.

"तुना येतं का हा?" म्हातारीने तिला विचारले.

"छे हो. तुम्ही म्हणालात तेच परत म्हटलं." वहिनी लाजून चूर झाली. "वन्सं, चुकले का मी?"

"नाही," मी म्हणाले. त्या एका शब्दाला मला फार बळ लागले.

तिथून पुढे मी ओट्यावरची पाहुणी झाले. वहिनीला मात्र म्हातारीने पुढचे पाच दिवस बोलावले. परवानगी मिळाली ती अशी: गाणे वहिनीने म्हणावे, लिहू नये, आणि एकदा सुरू केले की पुरे करावे.

"मधी तोरू नको. हलद लागंपर्यंत हलदीचाच म्हनाचा. घाई करतील, तरी तू करू नको. तुटला, त मना येऊन सांगाचा."

वहिनीने मान डोलावली. घरी आल्यावर ती चूल सारवताना, वाती वळताना गाणे घोळवू लागली. तिला उत्साह आला होता, आणि तो ती माझ्यापासून लपवीत नव्हती, कारण तो लपवण्यासारखा आहे हे तिच्या ध्यानीही आले नव्हते. मी तिला विचारले, "हळदीच्या गाण्याला किती वेळ लागतो?"

"हळद लागेल तितका."

"मिनिटं सांगा, वहिनी. काच दिव्यापुढे तापते."

"मग तुम्ही घड्याळ धरा आणि मी म्हणते," ती सहज म्हणाली.

मी घड्याळ धरले. हळदीचे गाणे साडेतीन मिनिटे चालले. दुसऱ्या खेपेस चारला थोडे कमी. एक वाया गेलेली रंगीत काच घेऊन मी दिव्यापुढे तीन वेळा प्रयोग केला. चौथे मिनिट पुरे होईपर्यंत रंगाला काही होत नव्हते. पाचव्यात पिवळ्याला फोड येऊ लागे. म्हणजे गाणे काचेत बसत होते. हा निष्कर्ष मी माझ्या वहीत लिहिला. तो पुढे मला नाकारता येऊ नये इतक्या स्वच्छ अक्षरात लिहिला होता.

खेळ मामांच्या ओळखीच्या भाताच्या वखारीत ठरला. दुपार होती, झरोक्यांवर गोणपाटे ठोकली होती. सत्तर-ऐंशी बायका जमल्या. मामा आणि वखारीचे हमाल दारात उभे होते. परक्या पुरुषांपुढे सुनेने दिसू नये म्हणून वहिनी पोत्यांच्या थप्पीमागे भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला पडदा दिसत नव्हता. ठरले होते असे: हळदीच्या काचेला ती गाईल, आणि तिचे गाणे पुरे झाले की मी काच बदलीन.

पहिल्या तीन काचांवर बायका बोलत होत्या. हे जाते अमकीकडच्यासारखे, ही नवरी सावळी दाखवली ते बरे झाले. ते मला ऐकू येत होते आणि आवडत होते. काचा माझ्या होत्या. मग चौथी, हळदीची काच आली. तिच्यावर मी सर्वांत जास्त श्रम घेतले होते. नवरीच्या दंडावरची हळद ओली दिसावी म्हणून वार्निशाचे दोन हात दिले होते. वहिनीने गाणे धरले.

एकेक करून बायका गप्प झाल्या. मग माझ्या लक्षात आले की त्या पडद्याकडे पाहतच नाहीत. कंदिलाच्या मागून पडणाऱ्या अंधुक उजेडात मला त्यांची तोंडे दिसत होती आणि ती सगळी पोत्यांच्या थप्पीकडे वळलेली होती. एका म्हाताऱ्या बाईने डोळे मिटले होते. माझी काच पुरुषभर उंच, ओल्या हळदीसकट, समोर उभी होती, आणि ती मिटल्या डोळ्यांनी बसली होती.

मी घड्याळ पाहिले. तीन मिनिटे झाली नव्हती. मी काच ओढून काढली आणि पुढची सरकवली. पुढच्या काचेत नवरी होडीत बसून सासरी निघाली होती.

वहिनीला काय कळणार? ती हळदच लावीत राहिली. दुसऱ्या रांगेतून कोणी तरी ओरडले, "अगं बाई, नवरी होडीत बसली, आता खाडीतच लावा हळद!" सगळी वखार हसली. वहिनीने आणखी अर्धी ओळ म्हटली आणि ती थांबली. पोत्यांमागून पुन्हा आवाज आला नाही.

उरलेल्या काचा मी बोलून दाखवल्या. मी चांगले बोलते. होडी भरतीच्या वेळीच का सोडतात, मांडवाला अमुकच डहाळी का, असे सांगत गेले आणि बायकांनी ते आवडीने ऐकले. खेळ संपल्यावर मामा खूश होते.

"सूनबाईंचा गळा गोड आहे गं, पण खेळाचं भान तुलाच. काच वाचवलीस तू! जा, ग्रहणाच्या काचा घे रंगवायला."

मी काचा पुसू लागले. वहिनी शेजारीच उभी होती.

परतताना गाडीच्या बायकांच्या डब्यात आम्ही दोघीच होतो. मुंब्र्याच्या डोंगराखालून जाताना तिने विचारले, "फार तापली होती का हो काच?"

"तडकली असती."

"मग ठीक केलंत." थोड्या वेळाने ती म्हणाली, "उद्या कोलशेतला जायला हवं. तुटलं तर येऊन सांग म्हणाल्या होत्या."

भाऊ तिला नेऊन सोडायला तयार होता, तेव्हा मी गेले नसते तरी चालले असते. ती एका शब्दानेही मला चल म्हणाली नव्हती. पण ती तिथे काय सांगेल, हे मला ऐकायचे होते. म्हातारी तशीच ओट्यावर होती. वहिनीने खाली बसून सांगितले की गाणे हळदीत तुटले.

"कोनी तोरला?"

"मीच थांबले. काच तापली होती, वन्संचा इलाज नव्हता."

ती माझा खोटेपणा स्वतःच्या तोंडाने, खरा समजून, माझ्या बाजूने सांगत होती. त्या क्षणीही मला वाटले ते हेच, की हिला हेसुद्धा माझ्याहून चांगले जमते.

"काच तापली नव्हती," मी म्हणाले. "आणखी एक मिनिटभर टिकली असती. मी मोजलं होतं."

वहिनीने माझ्याकडे पाहिले नाही. म्हातारीने पाहिले.

"मंग काच कनाला कारलास?"

"सगळ्याजणी हिच्याकडे कान देऊन बसल्या होत्या."

"मंग गाना म्हनल्यावं कान कुठं देतील? नाकाला?"

वहिनीला हसू आले आणि तिने ते पदरात दाबले. मला हसू आले नाही. म्हातारीने सूप खाली ठेवले आणि निकाल दिला: दिव्याला दिलेले गाणे तिने परत घेतले. वहिनीकडे आहे ते वहिनीकडे राहील. पुढल्या लग्नाला तिने मागे म्हणायला यावे, घरच्यांनी तिच्यामागे बसू दिले नाही तर उभ्याने.

गाडीत बसल्यावर वहिनी बराच वेळ बैलांच्या पाठीकडे पाहत होती. मग म्हणाली, "एक मिनिट म्हणजे किती हो, वन्सं? एक ओळ?"

"तीन ओळी."

"तीनच उरल्या होत्या," ती म्हणाली.

मामांना मी एवढेच कळवले की गाण्याची परवानगी राहिली नाही. का, ते कळवले नाही. ते सांगितले असते तर ग्रहण गेले असते. लग्नाच्या काचा मामांनी पेटीत ठेवून दिल्या आणि दोन महिन्यांनी त्याच वखारीत माझा खेळ झाला. मी केलेल्या फिरत्या काचांमध्ये चंद्राची सावली पृथ्वीवरून इतकी सफाईने सरकली की बायकांनी ती पुन्हा दाखवायला लावली. मी एकही वाक्य चुकले नाही. शेवटी कोणाला काही विचारायचे आहे का, असे मी म्हणाले तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली. मी राहू-केतूंच्या प्रश्नाची तयारी करून आले होते.

"ती गाणारी आज नाही का आली?" तिने विचारले.

"नाही. ती कोलशेतला एका लग्नाला गेली आहे," मी म्हणाले.

ते खरे होते. भावाने फक्त पाहायला जा म्हणून परवानगी दिली होती, आणि संध्याकाळी मी ठाण्याला पोहोचले तेव्हा वहिनी घसा बसवून आली होती. तिला माझ्या खेळाचे विचारायचे होते, पण आवाज फुटेना. हातांनीच खुणा करून तिने विचारले की सावली नीट पडली का. मी म्हणाले, पडली. मग तिच्या नखांतली हळद मला दिसली आणि मी दिवा लावण्याचे निमित्त करून आत गेले.