दाळ परत आली तो दिवस

कोहमारा गावच्या ढाब्यावर माझे बाबा, नाव खुशाल, एकोणीस वर्षं दाळ शिजवत होते. मग ती एक दिवस खारट, एक दिवस अळणी होऊ लागली. बाबांनी दाढी सोडली, आंघोळ सोडली. ताट समोर ठेवलं की नुसते बघत बसायचे.

"काऊन असे बसून राह्यले जी? कामाले जा, बरं वाटंल," आई म्हणायची. मामा म्हणाला, आळस आहे. आणि मी? नैराश्याची लक्षणं पेपरात लिहून नर्सिंग पास झाले होते, तरी मीही मान डोलावली.

एका सकाळी बाबा शांतपणे म्हणाले, "मी नसलो तं तुमचं काही अडत नाही." तेव्हा कुठे घाबरून आम्ही त्यांना गोंदियाला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं.

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

आई म्हणाली महिनाभर, मामा म्हणाला दोन महिने, मी बोटांवर मोजत राहिले. शेवटी ढाब्याच्या शेठला फोन लावला.

"सात नवंबर से," तो म्हणाला. "उस दिन पहली बार दाल वापस आई थी."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बरं होईल म्हणाले, आणि कागदावर तीच तारीख लिहिली.

आम्ही रोज बाबांच्या शेजारी बसून जेवत होतो.