बर्फातला धूर

"वर बर्फ, आन् बर्फातून धूर. मी खोटं कायले सांगू जी?" असं म्हणत तो दोन्ही हातांची बोटं जुळवून डोंगराचं टोक करून दाखवायचा.

सालेकशाजवळच्या रेल्वे फाटकावर तो फाटकवाला होता. स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. मी तिथल्या शाळेत मास्तर. लढाईच्या काळात त्यानं मालबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचं काम केलं होतं, आणि ती बोट पार उत्तरेच्या समुद्रात गेली होती. फाटक बंद असलं की बाजारकरी मुद्दाम विचारत, "काय गा, आज निघाला का धूर?" तो कंदील पुसत राही. एकदा मीही हसलो होतो. तुम्हीही हसला असता.

एके दिवशी शाळा सुटल्यावर तो दारात येऊन उभा राहिला.

"गुरुजी, तुमच्या बुकात त्या डोंगराचं नाव पाहून द्या ना."

"आता कशाला रे?"

तेव्हा कळलं. पलीकडच्या गावचा एक जोडीदार त्याच्यासोबत बोटीवर होता. तिकडे निमोनियानं गेला. त्याला त्या डोंगराच्या पायथ्याशी पुरलं. गावात त्याची म्हातारी आई होती. पोरानं परमुलखात बायको केली आणि हा ते लपवतो, असं तिला वाटे.

"जागेचं नावच सांगता येत नाही, म्हनून लबाड ठरून राहिलो."

मी गोंदियाहून भूगोलाचं जाड पुस्तक मागवलं. अलास्काच्या पानावर तसा एक बर्फाळ ज्वालामुखी डोंगर निघाला: शिशाल्डिन. तो चित्राकडे बराच वेळ बघत राहिला.

"हाच का?" मी विचारलं.

"हाच असन जी. आता दुसरा कुठं शोधू?"

आम्ही पुस्तक घेऊन तिच्या घरी गेलो. तिनं लुगड्याला हात पुसून चित्रावर बोट ठेवलं.

"लय थंडी असन तिथं?"

तो म्हणाला, "नाही माय. खालून विस्तव हाये. जमीन गरम राह्यते."

म्हातारी तेव्हा पहिल्यांदा रडली.

पुढे दर रविवारी तो तिच्याकडे जेवायला जाई. डोंगराची गोष्ट मात्र त्यानं पुन्हा कुणाला सांगितली नाही. एका उन्हाळ्यात फाटकाच्या खोलीत, तापात, तो एकटाच गेला. त्याचं असं कुणीच नव्हतं. सांगायला मी रविवारी तिच्याकडे गेलो, तर तिनं त्याच्यासाठी भात वाढून ठेवलेला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ताट माझ्यापुढे सरकवलं.

"जेव गुरुजी," ती म्हणाली. "मी एकटी किती खाऊ?"