कोरडा माल

जुना सिमेंटचा पत्रा घेताना आम्ही भंगारवाले एक गोष्ट हमखास करतो. कोपरा मोडायचा, मोडलेल्या कडेवर अंगठा घासायचा आणि निघालेले पांढरे धागे फुंकून बघायचे. धागे जास्त, तर पत्रा टिकाऊ. मुकुंदवाडीतल्या माझ्या आवारात मी पंचवीस वर्षं हेच केलं. ते धागे ॲस्बेस्टॉसचे, एवढं मला ठाऊक होतं. चांगल्या मालाची खूण म्हणून गिऱ्हाइकाच्या नाकापुढं धरायचो. आता त्या अंगठ्याचीच किळस येते.

दुसरा नियम माझा स्वतःचा. माल कोरडा ठेवायचा. ओल्या पत्र्यावर तडे काळे उमटतात आणि गिऱ्हाईक भाव पाडतं. म्हणून वाळलेलं शेवाळही तारेच्या ब्रशनं कोरडंच खरवडायचं. ते काम बायको करायची. संध्याकाळपर्यंत तिच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. पदर झटकून ती तशीच पीठ मळायला बसायची.

"म्हातारी झालीस की," मी हसायचो.

"तुमच्या संगतीत दुसरं काय व्हणार?"

करमाडकडच्या एका बंद कारखान्याची शेड उतरत होती, तेव्हाची गोष्ट. तिथले मजूर तोंडाला मास्क लावून, पाइपनं पाणी मारून पत्रे काढत होते. माझं डोकं फिरलं.

"साहेब, ओला माल मी घेत नाय. तडे दिसतात."

"पाणी मारूनच काढायचा नियम आहे," सुपरवायझर म्हणाला.

"नियम तुमचा अन् नुकसान माझं व्हय?"

त्यानं भाव उतरवला. मास्कच्या वर त्याचे डोळे हसत होते. मी घरी येऊन बढाई मारली, पत्रे उन्हात वाळवले आणि बायकोच्या हातात ब्रश दिला. पाणी धूळ उडू नये म्हणून, हे त्यानं सांगितलं नाही. स्वतःचं नाक झाकून मला माल विकला. त्या डोळ्यांना मी अजून शिव्या देतो. पण विचारलं तर मीही नव्हतं. माझं लक्ष भावाकडं होतं.

दोन वर्षांपासून बायकोला जिना चढवेना. कोरडा खोकला, बोटांची टोकं फुगलेली. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर धरला.

"काका, धूळ आत गेली की ती गिळून टाकायला फुप्फुसात पहारेकरी पेशी असतात. हा तंतू त्यांच्यापेक्षा लांब असतो. पेशी अर्धा गिळते, अर्धा बाहेर राहतो. ती फाटते, आतला दाहक रस आजूबाजूला सांडतो. मरता मरता ती मदतीला हाका मारते. दुसऱ्या पेशी धावत येतात, त्यांचंही तेच होतं. दाह थांबत नाही. मग तिथं वण धरतो आणि फुप्फुस चामड्यासारखं घट्ट होतं."

"तंतू विरघळत कसा नाय?"

"टिकाऊ असतो."

हा शब्द मी आयुष्यभर विकला होता. तरी घासाघीस करायची सवय जात नाही.

"निम्मं तरी बरं व्हईल?"

"झालेला वण जात नाही. नवी धूळ गेली नाही तर वाढ कदाचित मंदावेल. तेवढं तुमच्या हातात आहे."

आवारात दोन थप्प्या उरल्या होत्या. त्याच आठवड्यात सोयगावचा एक जण शेळ्यांच्या गोठ्यासाठी पत्रे बघायला आला. त्यानं कोपऱ्याला हात घातला तसं मी त्याचं मनगट धरलं.

"मोडू नको. विकायचा नाय."

"शेठ, लई हुशार तुम्ही. थोडं वाढवून देतो."

"शेळ्यांच्या अन् तुझ्या छातीत जाईल हे. नाय म्हणलं ना."

"बरं, अजून थोडं."

मी नाही म्हणेन तसा तो भाव चढवत गेला. इतका सोपा सौदा मला जन्मात मिळाला नव्हता. बायको दारात बसून दम खात होती.

"थांबा भाऊ," ती त्याला म्हणाली, "देतील ते. आजवर कुणाला नाय म्हणलेत?"

मी नळ सोडला आणि पाइप थप्पीवर धरला. पत्र्यांवर काळे तडे भराभर उमटले.

"अवघा फुटका माल," तो तोंड वाकडं करून म्हणाला. "अन् आम्हाला विकाया निघाले." तो गाडी काढून गेला.

पदरानं नाक झाकून बायको म्हणाली, "खालच्या थरालाबी लागू द्या."