पलीकडच्या फ्रीजमधली लस

नव्वदच्या दशकात मी पंचवटीतल्या एका लहानशा ट्रस्टच्या दवाखान्यात स्टोअर सांभाळायचे. सलाईन, सुया, हातमोजे, लसी, ऑक्सिजनचे सिलिंडर, वॉर्डात जे लागेल ते लागण्याआधी आणून ठेवायचं, एवढंच माझं काम. पण ऐन दिवाळीत मुंबईहून निघालेला माल कसारा घाटात अडकला की ते ‘एवढंच’ काय असतं, ते मला विचारा.

अशा वेळी मी तिला फोन करायचे. नदीपलीकडच्या मोठ्या, नव्या हॉस्पिटलात तीही स्टोअरच बघायची. फार्मसीला आम्ही एका वर्गात होतो, वसतिगृहात एका खोलीत. ती सटाण्याकडची, खोलीत अहिराणीत बोलायची; ऐकून ऐकून मीही मोडकंतोडकं शिकले होते. तिने फोन उचलला की मी विचारायचे, “शे का व?” म्हणजे, आहे का गं? ती हसून म्हणायची, “शे ना!” आणि माल यायचा. तिच्याकडे काही संपलं की माझ्याकडून जायचं. एकदा त्यांच्या थिएटरमध्ये टाके घालायचा धागा संपला, तेव्हा मी स्वतः रिक्षाने नेऊन दिला. मला तेव्हा सातवा महिना होता. दोन्हीकडच्या डॉक्टरांना यातलं फारसं काही माहीत नसायचं. त्यांना हात पुढे केला की वस्तू मिळत होती, बस.

द्राक्षबागांमध्ये छाटणीची गडबड चालू होती, त्या दिवसांत एका दुपारी सायखेड्याकडून जीपमधून एका शेतकऱ्याला आणलं. वेलीखाली गवत काढताना हाताला घोणस चावली होती. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. बरोबर त्याची बायको होती. सापाची लस माझ्याकडे होती तेवढी सगळी लागली, तरी रक्त गोठेना. डॉक्टर स्टोअरच्या दारात येऊन म्हणाले, “अजून लागणार. कुठूनही आणा.” शहरात त्या आठवड्यात लसीची टंचाई होती, डीलरने आधीच हात वर केले होते. पण मी घाबरले नव्हते. तिच्याकडे असणार, हे मला ठाऊक होतं. पावसाळ्याच्या आधी आम्ही दोघींनी मिळूनच ऑर्डर दिली होती.

“शे का व?” मी विचारलं.

ती स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाली, “सध्या स्टॉक उपलब्ध नाहीये.”

“एकही नाही?”

“नाही गं. तुमचा पेशंट हवं तर इकडे पाठवा, आयसीयूत जागा आहे.”

मी तिच्यावर विश्वास ठेवला. फोन ठेवला आणि सिव्हिलला लावला, निफाडला लावला, ओळखीच्या प्रत्येक दुकानाला लावला. कुठेच मिळेना. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, लस नाही तर नाही, निदान आयसीयू तरी मिळेल, आणि रुग्णाला तिच्याच हॉस्पिटलात हलवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बघायला गेले. बायको आयसीयूबाहेर बसली होती. म्हणाली, “आल्या आल्या इंजेक्शनं चालू केली बघा. लय साठा हाय यांच्याकडं. पण उशीर झाला म्हणत्यात. किडनीवर गेलंय, मशीन लावावं लागंल.”

मी तशीच जिना उतरून स्टोअरमध्ये गेले.

“काल लस होती तुझ्याकडे,” मी म्हटलं.

ती चहा सांगायला उठली. “आधी बस तर खरं.”

“होती की नव्हती?”

“होती.” ती परत खाली बसली. “बाहेर द्यायची नाही असं ठरलंय. ज्याला हवी त्याने पेशंट इकडे पाठवायचा. आता सगळीकडे असंच चालतं.”

“कुणी ठरवलं?”

“मीच सुचवलं मीटिंगमध्ये. साहेबांना पटलं. पुढच्या महिन्यापासून सगळी खरेदी माझ्याकडे येतेय.” आणि ती हसली, जणू मी आता पेढे मागणार होते.

“मग नाही देत, असं सांगायचं होतंस. लगेच पाठवलं असतं त्याला. तू नाही म्हणालीस म्हणून मी गावभर फोन करत बसले.”

“खरं सांगितलं असतं तर तू हट्ट धरला असतास,” ती शांतपणे म्हणाली. “तुला मी ओळखत नाही का?”

ओळखत होती, हेच तर. माझा फोन येणार हे तिला माहीत होतं, मी तिच्या शब्दावर जाणार हेही माहीत होतं. त्या भरवशाचा तिने सोयीने वापर केला होता. मी चहा न घेता बाहेर पडले.

पुढच्याच आठवड्यात तिचा फोन आला, नेहमीसारखा. प्लास्टरच्या पट्ट्या कमी पडल्या होत्या. मी म्हटलं, “पाठवते. पण तुमच्या लेटरहेडवर मागणी पाठवा.”

“मागणी? आपल्यात?”

“हो. आणि सही-शिक्क्यासकट.”

कागद आला, मी पट्ट्या दिल्या. त्यानंतर तिने फोन केला नाही, मीही नाही. ट्रस्टींच्या मागे लागून मी दुसरा फ्रीज घेतला आणि लसीचा साठा स्वतःचा ठेवू लागले. काम सुरळीत झालं. पण रिकामी दुपार असली की फोनकडे हात जायचा आणि मध्येच थांबायचा, हे कितीतरी दिवस चालू राहिलं.

तो शेतकरी वाचला. एक बोट काढावं लागलं, पण डायलिसिसमधून सुटला. द्राक्षं निघाली तेव्हा नवरा-बायको भेटायला आले, आमच्यासाठी एक पेटी घेऊन. रिक्षात अजून एक पेटी होती.

“ती नदीपल्याडच्या स्टोअरवाल्या मॅडमसाठी, इंजेक्शनं त्यांनीच काढून दिली,” तो म्हणाला. “तुमचा काय दोष नाय ताई, तुमच्याकडं औषध नव्हतं. पण त्या मॅडम होत्या म्हणून मी वाचलो.”

त्याची बायको माझ्याकडे बघत मान डोलावत होती. मी त्यांना पाणी दिलं, त्याचा हात बघितला आणि म्हटलं, “जा, ऊन व्हायच्या आत पोचा.”