एका विहिरीच्या दोन विहिरी

शरणप्पा गेल्याचा निरोप ठाणाकुशनूरहून आला तेव्हा मी बिदरच्या आमच्या कॉलेजात पेपर तपासत होते. सकाळी शेतात छातीत कळ आली, औरादच्या दवाखान्यापर्यंतही तो पोचला नाही. वय चौतीस. पाच आठवडे झाले... रडू आलं तसा रागही आला. रडू ओसरलं, राग तसाच आहे, आणि तो सगळ्यात जास्त माझ्यावर आहे.

कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघंच शिकवायचो. मी वयानं मोठी आणि विभागप्रमुख, म्हणून त्याची अक्का. गेल्या वर्षी त्याला कॉम्प्युटरची एक नवी भाषा मिळाली. तिच्यात प्रोग्राम म्हणजे एकमेकांना ओळखणाऱ्या वस्तूंचा गोतावळा. त्या वस्तूंना ऑब्जेक्ट म्हणायचं. शरणप्पानं गावातली शेतं घातली, विहिरी घातल्या, कुठलं शेत कुठल्या विहिरीवर भिजतं तेही जोडलं. मशीन चालू असेतोवर सगळं झकास. वीज गेली की गाव पुसलं जायचं, आणि वीज तर रोजच जायची. म्हणून हा गोतावळा फ्लॉपीवर लिहून ठेवायचा आणि जसाच्या तसा परत आणायचा, हे त्यानं मनावर घेतलं. ऐकायला सोपं वाटतं. त्यात त्याचे सात-आठ महिने गेले.

प्रिन्सिपॉलनी घाई करून हे दाखवायला तालुक्याचे साहेब बोलावले. शरणप्पा आणि त्याचा थोरला भाऊ मल्लप्पा यांची विहीर सामाईक. मशीन बंद करून पुन्हा लावलं, फ्लॉपीवरून गाव परत आणलं. एकाच्या शेतातून विहिरीची खोली बदलली, तर दुसऱ्याच्या शेतात जुनीच दिसत राहिली. एका विहिरीच्या दोन झाल्या होत्या. फावड्याशिवाय विहीर खणली म्हणून साहेब हसले, प्रिन्सिपॉल हसले, आणि चहा न घेताच मंडळी उठली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "अक्का, चूक घावली. हरेक शेतासंगं म्या विहीर बी लिहायलोय. दोन शेतं, म्हणून ती दोनदा लिहिली जायलीय. आता हरेक वस्तूला नंबर देतो. विहीर एकदाच लिहायची, पुढं नुसता तिचा नंबर. पंधरा दिवस मशीन द्या."

मशीन एकच, आणि त्यावर निकालपत्रकं करायचा हुकूम आलेला. मी त्याला म्हणाले, "सोड आता. किती दिवस त्याच विहिरीत पडून ऱ्हायलास?" तो निकालपत्रकं करायला बसला. मला तेव्हा बरंच वाटलं, ही गोष्ट मिटली म्हणून.

मागच्या आठवड्यात मल्लप्पा त्याचं सामान न्यायला आले. कपाटात एक फ्लॉपी निघाली, तीवर त्याच्या अक्षरात 'नंबरवाली' असं लिहिलेलं. जेवणाच्या सुट्टीत तो मशीनवर बसायचा, हे मला शिपायानं तेव्हा कुठे सांगितलं. मी ती लावली. गाव आलं. मल्लप्पा वाकून बघू लागले, मग म्हणाले, "विहीर साठ फूट न्हाई, आता पासष्ट हाय. उन्हाळ्यात खोल केली आमी दोघांनी." मी त्यांच्या शेतातून पासष्ट घातलं आणि शरणप्पाचं शेत उघडलं. पासष्ट.

आता शेतावरून शरणप्पाचं नाव पुसायचं का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "न्हाई. ऱ्हाऊ द्या." मग विचारलं, "बंद करून उद्या लावलं तर असंच येतंय का?"

"व्हय, येतंय," गाव पुन्हा फ्लॉपीवर लिहीत मी म्हणाले. पंधरा दिवस दिले असते तर हे त्यानंच सांगितलं असतं.