चौघींसाठी एक मशीन

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बेळगावच्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि मी ऑपरेटर म्हणून लागले. आईनं निपाणीत विड्या वळून मला शिकवलं होतं. ऑफिसात आधीपासून तिघी टायपिस्ट होत्या. त्यातल्या थोरल्या, पिरनवाडीहून यायच्या, त्यांना सगळे आक्का म्हणत. कानडी पत्राचा मायना, साहेबांचा मूड कसा ओळखायचा, हे मला त्यांनीच शिकवलं.

एक दिवस साहेबांनी सांगितलं, एकाच मशीनवर आधी डॉस, मग युनिक्स अशा दोन्ही प्रणाली चालवून बघा, कामगारांच्या हजेरीचं काम कुठं लवकर उरकतं. डॉसवर ते चहा येईपर्यंत झालं. युनिक्सवर चहा पिऊन कप धुऊन झाले तरी चाललंच होतं.

"मग डॉसच ठेवा. एक माणूस पुरे," साहेब म्हणाले.

म्हणजे बाकी तिघींचं काम जाणार. डॉसवर एका वेळी एकीनंच बसायचं. युनिक्सला टर्मिनलं, म्हणजे जादाचे पडदे आणि कीबोर्ड, जोडली तर चौघींना एकदम काम करता येत होतं. मी धीर करून म्हटलं, "सर, ही तुलना अर्धीच झाली. चौघींना बसवून बघू या."

मशीनवाल्यांनी दाखवायला टर्मिनलं आणली. आम्ही चौघी आपापलं दिवसाचं काम घेऊन बसलो. मशीन जड झालं, दाबलेलं अक्षर पडद्यावर जरा थांबून उमटायला लागलं. नेमके तेव्हाच साहेब आक्कांच्या पाठीमागं येऊन उभे राहिले. आक्का घाबरल्या. हात आखडून मला म्हणाल्या, "माझ्यामुळंच अडकलं काय गं?"

"न्हाय आक्का, चौघींचं काम एकदम ओढतंय ते."

दुपारपर्यंत चौघींचंही काम संपलं. डॉसवर चौथीची पाळी संध्याकाळीच आली असती. मी ते साहेबांना सांगितलं. पण त्यांच्या डोळ्यांपुढं तो थांबणारा पडदाच होता.

डॉस राहिलं, मीही राहिले. दोघींना टाइपरायटरवर ठेवलं आणि आक्कांना स्टोअरमध्ये, लोखंडाच्या धुळीत पाठवलं. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "तुझी नोकरी टिकली न्हवं? मग झालं की."

त्या हसल्यासुद्धा. मला मात्र त्यांच्याकडं बघवेना. पुढं वर्षभरातच खोकल्यानं बेजार होऊन त्यांनी नोकरी सोडली.